चमचा समितीचा खर्च निरंक

ठरावबाईंचं खरं नाव आरोग्य खात्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक पगारपत्रक करणारा कारकून आणि दुसऱ्या त्या स्वतः. बाकी सगळ्यांना त्या ठरावबाई. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. खात्याला सल्ला देणाऱ्या समित्यांच्या बैठका लावायच्या, कोण काय बोललं ते टिपायचं, त्यातलं निम्मं बोलणाऱ्याच्याच भल्यासाठी गाळायचं आणि उरलेल्याचं इतिवृत्त करून शेवटी ठराव लिहायचा. मोठमोठे डॉक्टर बैठकीत तासभर एकमेकांवर खेकसत असत. बाईंच्या इतिवृत्तात ते सगळं ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढ्यात मावत असे.

त्यांचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. चार टेबलं, सहा लोखंडी कपाटं आणि एक खिडकी. ती नीट लागत नसे म्हणून तिच्या फटीत जुन्या विषयपत्रिकेची घडी खोचलेली. कुठली फाईल कुठल्या कप्प्यात आहे, ते बाई जागेवर बसून सांगत.

त्यांचा एक नियम होता आणि त्यात त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एका बैठकीचं इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचायचं, सभासदांनी ‘बरोबर आहे’ म्हणायचं, अध्यक्षांनी सही करायची. याला इतिवृत्त कायम होणं म्हणतात. कायम झाल्याशिवाय बाईंच्या कपाटातून कागद बाहेर जात नसे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका साहेबाच्या घाईपायी कच्चं इतिवृत्त बाहेर गेलं होतं, त्यात एक शून्य जास्त पडलं होतं, आणि चार हजारांच्या जागी चाळीस हजार चादरी येऊन पडल्या होत्या. पुढची सहा वर्षं खात्यात ज्याच्या त्याच्या टेबलावर चादर अंथरलेली असे. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला.

आता समित्यांचं म्हणाल तर खोटं कशाला बोला, त्यातल्या पुष्कळशा नावालाच होत्या. एक होती अशा रोगासाठी, जो तीस वर्षांत कुणालाही झालेला नव्हता. रोग गेला, समिती राहिली. दुसरीचे सातांतले चार सभासद वारले होते आणि उरलेल्या तिघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी बाईंनीच बंद करण्याजोग्या एकोणीस समित्यांची यादी करून वर पाठवली होती. ती यादी तपासायला खात्यानं एक समिती नेमली. पंचेचाळिसांच्या शेहेचाळीस झाल्या, आणि बाईंनी तो नाद सोडला.

या सगळ्यांत बाईंचा जीव एका समितीवर होता. तिचं खरं नाव लांबलचक होतं. लहान मुलांना कुठलं औषध किती द्यायचं ते ती ठरवत असे, म्हणून खात्यात तिला चमचा समिती म्हणत. त्यावर ठरलेला विनोद असा, की बाकीच्या समित्यांत चमचे बसतात, इथे नुसता चमच्याचा विचार होतो. पाच सभासद. अध्यक्ष एक म्हातारे मुलांचे डॉक्टर, कानाला यंत्र लावणारे, स्वभावानं तिखट. वर्षातून तीनदा ही मंडळी आपापल्या खर्चानं येत, कारण डॉक्टरांच्या मते भत्त्याचा अर्ज भरायला प्रवासापेक्षा जास्त वेळ लागतो. चहा बाईंच्या कक्षातल्या किटलीतला. दोन तासांत काम उरकून मंडळी पांगत. त्यांच्या ठरावातून मात्रेचा तक्ता निघे: वय, वजन, औषध, किती चमचे. तो चारशे बारा आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लागे. साठ मुलं रांगेत भोकाड पसरून रडत असताना नर्स बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत बसत नाही, ती भिंतीकडे बघते. हे बाईंना त्यांच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं होतं, आणि ती स्वतःच अशा एका केंद्रात नर्स होती.

मग सुसूत्रीकरण आलं.

हा शब्द कुणी काढला देव जाणे. सूत्र म्हणजे दोरा, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं की कुणीतरी बसून शिवणार आहे. आली ती कात्री. अर्थसंकल्पात खात्याला खर्च कमी करून दाखवायचा होता. दवाखान्यातल्या खाटा कमी केल्या तर लोक ओरडतात, समित्या कमी केल्या तर कुणीच ओरडत नाही. एका नव्या उपसचिवांकडे हे काम दिलं. चाळिशीचे, चटपटीत, बोलायला साखर. आठवड्याच्या आत खात्यानं त्यांचं नाव कात्रीसाहेब ठेवलं. त्यांनी प्रत्येक समितीसाठी नऊ रकान्यांचं एक पत्रक काढलं आणि तीन दिवसांत भरून मागितलं. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस पत्रकं भरणार कोण, तर ठरावबाई.

सातवा रकाना होता ‘गेल्या तीन वर्षांतील प्रत्यक्ष खर्च’. चमचा समितीच्या पत्रकात बाईंनी तिथे लिहिलं, ‘निरंक’. सरकारी कागदात शून्य लिहीत नाहीत, कारण शून्याच्या आधी कुणीही एखादा आकडा घुसडू शकतो. निरंक लिहिलं की मिटलं. पण हा शब्द लिहिताना बाईंना चक्क अभिमान वाटला. तीन वर्षांत नऊ बैठका, चार नवे तक्ते, आणि खर्च निरंक! कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून त्यांनी त्याखाली एक रेघसुद्धा मारली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कात्रीसाहेबांच्या दालनात ही पत्रकं एका मोठ्या यादीत चढली, आणि यादीचा नियम असा होता की ज्या समितीचा खर्च निरंक, ती समिती निष्क्रिय. पैसा उडवला नाही म्हणजे काम केलं नाही. सरकारात याहून सरळ तर्क कुणाला सुचणार? शेहेचाळिसातून अकरा उरल्या. रोग नसलेली समिती टिकली, कारण ती दरवर्षी दोन दिवस चांगल्या हॉटेलात भरत असे आणि तिचा सातवा रकाना भरगच्च होता. चमचा समिती पहिल्याच झटक्यात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आदेश वाचला आणि बाई थेट कपाटाशी गेल्या. कपाटात एक कच्चा तक्ता पडून होता.

झालं होतं असं, की खात्यानं तापाचं नवं औषध विकत घेतलं होतं. तेच औषध, तशीच बाटली, तोच गुलाबी रंग, फक्त दुप्पट कडक. कडक औषधाच्या बाटल्या कमी लागतात, त्या वाहून न्यायला गाड्या कमी लागतात, म्हणजे तीही बचतच. आता जिथे पूर्वी दोन चमचे द्यायचे तिथे एकच द्यायचा, जिथे एक तिथे अर्धा. भिंतीवरच्या जुन्या तक्त्याप्रमाणे देत राहिलं तर पोराच्या पोटात दिवसातून चारदा दुप्पट औषध जाणार, आणि हे औषध जास्त झालं की यकृताला धरतं. चमचा समितीनं शेवटच्या बैठकीत नवा तक्ता करून दिला होता. निघताना डॉक्टर म्हणालेही होते, “बाई, हा आजच पाठवून द्या. कायमबियम मागाहून बघू.”

आणि बाई म्हणाल्या होत्या, “कायम झाल्याशिवाय माझ्याकडून कागद जात नाही सर. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. बाटल्या यायला अजून वेळ आहे.”

आता ती पुढची बैठक होणारच नव्हती. समितीच नाही तर इतिवृत्त कायम कोण करणार? आणि बाटल्या तीन आठवड्यांत केंद्रांवर पोचणार होत्या.

कात्रीसाहेबांनी त्यांना बोलावलं ते भलत्याच कामासाठी. अर्थ खात्याला एक टिपण हवं होतं, सुसूत्रीकरणाचा अर्थसंकल्पावर काय परिणाम होईल याचं. बाईंनी दोन दिवस खपून ते तयार केलं होतं. बंद झालेल्या पस्तीस समित्यांसाठी अर्थसंकल्पात तरतूद होती खरी, पण त्यातल्या बावीस समित्या तिला कधी हातच लावत नसत. दरवर्षी ती जशी यायची तशी परत जायची. जे खर्चच होत नव्हतं ते वाचलं कसं म्हणायचं? उलट पस्तीस समित्यांचे विषय कोंबून ज्या महासमित्या केल्या होत्या, त्यांना मोठं सभागृह लागणार, बाहेरून येणाऱ्यांना राहायला जागा आणि भत्ते लागणार. बाईंनी शेवटी स्वच्छ लिहिलं होतं, की खरी बचत नाहीच आणि पुढच्या वर्षी खर्च वाढेल.

साहेबांनी टिपण वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि शेवटचा परिच्छेद शांतपणे खोडला.

“बाई, तुम्ही लिहिता छान. पण परिणाम म्हणजे आकडा. हे तुमचं मत झालं.”

“आकडाच आहे साहेब. वजाबाकी केलीय.”

“वजाबाकी तरतुदीतून करायची असते. पस्तीस समित्यांची तरतूद गेली, तेवढी बचत झाली. मंत्रीसाहेब परवा भाषणात सांगणार आहेत.”

“पण ते पैसे कुणी काढतच नव्हतं. चमचा समिती तर फुकट चालत होती.”

“फुकट चालत होती म्हणून तर बंद करायला सोपी गेली,” साहेब हसले. त्यांना स्वतःचा विनोद आवडलेला दिसला.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तो गिळून त्यांनी तक्त्याचा विषय काढला. साहेबांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मान डोलावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “विषय गंभीर आहे. महासमितीच्या विषयपत्रिकेवर घ्या.”

“महासमितीचे सभासद अजून ठरलेले नाहीत साहेब.”

“ठरतील की. चार महिन्यांत पहिली बैठक होईल.” त्यांनी समोरच्या यादीत बोट फिरवलं. “तुमचा विषय एकतिसावा येईल.”

“बाटल्या तीन आठवड्यांत पोचतायत.”

“मग खरेदी विभागाला लिहा ना.”

बाईंनी लिहिलं. खरेदी विभागानं कळवलं, की मात्रा ठरवणं हा सल्लागार समितीचा विषय आहे. बाईंनी साठा विभागाला लिहिलं. साठा विभागानं कळवलं, की त्यांचं काम बाटल्या वाटण्याचं, चमचे मोजण्याचं नाही. जो तो कानावर हात ठेवत होता आणि प्रत्येकाचा कागद नियमाला धरून होता. बाईंना सगळ्यात जास्त संताप याचाच आला. ओरडावं तर कुणावर? आणि नियमाचंच बोलायचं तर पहिला नियम त्यांनी स्वतः दाखवला होता.

शनिवारी दुपारी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. बाकावर चार आया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. डॉक्टरांनी एका मुलाचं वजन करता करताच सगळं ऐकलं आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की ते मूल रडायचं थांबलं.

“मी आता कोण? रस्त्यावरचा माणूस! पत्र देतो मी, पण माझ्या सहीला विचारतो कोण?”

तरी त्यांनी पत्र लिहिलं. सही केली, घडी घातली आणि बाईंच्या हातात देताना थांबले. “तुम्ही त्या दिवशी पाठवला असतात तर...”

“म्हणा ना सर.”

“म्हणतोच आहे. चुकलात तुम्ही, बाई.”

जिन्यावरून उतरताना बाईंना रडू आवरेना. एकतीस वर्षांत त्यांना ‘चुकलात’ असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं तर नेमकं बरोबर म्हटलं होतं. पत्र त्यांनी सोमवारी आवक विभागात दिलं. सातव्या दिवशी ते शेरा होऊन परत आलं: ‘सदर समिती अस्तित्वात नसल्याने तिच्या अध्यक्षांचे पत्र विचारात घेता येत नाही.’

घरी नवऱ्यानं वेगळाच सूर लावला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, दिवसभर कमी बोलायचा आणि जेवायला बसला की साठलेलं बोलायचा.

“अगं, सात महिने राहिलेत तुझे. डागाशिवाय बाहेर पड की. तू सांगायचं ते सांगितलंस, लिहायचं ते लिहिलंस. आता ती पोरं काय एकट्या तुझी आहेत?”

“नाहीत ना. म्हणून तर कुणाचीच नाहीत.”

“आणि निवृत्तिवेतन अडकलं तर? माझ्या भिंगांवर भागणार आहे का आपलं?”

“अहो, जेवा गप,” बाई म्हणाल्या. पण नवरा चुकीचं बोलत नव्हता, हे त्यांना कळत होतं. या सगळ्या प्रकरणात चुकीचं कुणीच बोलत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भर दुपारी धाकटीचा फोन आला. “ताई, आल्या गं बाटल्या. सोळा खोकी. हुबेहूब जुन्यासारख्या. तू सांगितलं नसतंस तर मलाही कळलं नसतं.”

“तू अर्धं देतेयस ना?”

“मी देतेय. पण पलीकडच्या केंद्रातल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणतात, लेखी दाखव. तक्ता सोडून कमी दिलं आणि ताप वाढला तर कोण जबाबदार? त्यांचं तरी काय चुकलं ताई?”

बाईंनी फोन ठेवला आणि कक्षाकडे बघितलं. चार टेबलांपैकी तीन रिकामी होती. समित्या कमी झाल्या म्हणून कक्षातली तीन पदंही कमी झाली होती. त्यांनी कपाटातून केंद्रांच्या दूरध्वनी क्रमांकांची वही काढली आणि पहिल्या पानापासून फोन लावायला सुरुवात केली.

चार दिवसांत त्यांनी सत्तावन्न केंद्रांना फोन केले. काहींनी आभार मानले. काहींनी आदेशाचा क्रमांक विचारला. एकानं विचारलं, “बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?” पुष्कळांनी म्हटलं, “लेखी पाठवा, लगेच करतो.” बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांना हेच ऐकवलं होतं. आणि चौथ्या दिवशी एका नर्सनं बोलता बोलता सांगितलं, “अहो, आम्ही तर बाटल्या आल्यापासून दोन-दोन चमचे देतोय. कालच एका मुलीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. उलट्या थांबेनात तिच्या. दोन वर्षांची आहे.”

बाईंनी त्या दवाखान्याचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. उलट्या औषधानंच झाल्या असतील असं नाही, लहान मुलांना शंभर कारणांनी होतात, असं त्यांनी स्वतःला दहा वेळा सांगितलं. पटलं एकदाही नाही. सत्तावन्न झाली होती, तीनशे पंचावन्न उरली होती.

पाचव्या दिवशी त्यांना कात्रीसाहेबांचं बोलावणं आलं. एका केंद्राच्या अधिकाऱ्यानं तक्रार केली होती, की खात्यातून कुणी बाई फोन करून डॉक्टरांना औषधं शिकवते. आज साहेबांच्या बोलण्यात साखर नव्हती.

“काय अधिकारात केलेत फोन?”

“कुठल्याच नाही साहेब.”

“मला इलाज नाही बाई. तुम्हाला लेखी ताकीद द्यावी लागेल. आणि ती सगळ्या केंद्रांना परिपत्रक म्हणून जाईल, म्हणजे कुणी तुमच्या सांगण्यावर जाणार नाही.” त्यांनी घंटीकडे हात नेला. “तुमच्या कक्षात टंकलेखनाला कोण आहे?”

“मीच.”

“मसुदा करायला?”

“तेही मीच. बाकीची पदं तुम्हीच कमी केलीत.”

साहेबांनी घंटीकडे नेलेला हात मागे घेतला. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, “मग तुम्हीच करा. तासाभरात सहीला आणा.”

स्वतःची ताकीद स्वतःच लिहायची! बोळातून परत येताना बाई रागानं इतक्या तापल्या होत्या, की कक्षाच्या दाराशी त्यांना चक्क धाप लागली. खुर्चीवर बसून त्यांनी कागद ओढला. ‘सदर कर्मचाऱ्याने कोणतेही अधिकार नसताना’ इथपर्यंत लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. चारशे बारा केंद्रांना, लेखी, उपसचिवांच्या सहीनं, आजच्या आज. गेले कित्येक दिवस त्या जे मागत होत्या ते दुसरं काय होतं?

त्यांनी कपाट उघडलं आणि कच्चा तक्ता काढला.

मग जे लिहिलं ते असं: ‘सदर कर्मचाऱ्याने कोणतेही अधिकार नसताना आरोग्य केंद्रांना दूरध्वनी करून, तापाचे नवीन औषध जुन्या औषधाच्या दुप्पट तीव्रतेचे असून ते खालील तक्त्याप्रमाणे निम्म्या मात्रेत द्यावे, असे सांगितल्याचे निदर्शनास आले आहे.’ खाली अख्खा तक्ता, वय आणि वजनासकट, ठळक अक्षरांत. त्याखाली कर्मचाऱ्याला सक्त ताकीद. आणि शेवटी: ‘केंद्रांनी अशा दूरध्वनींवर विसंबून राहू नये. प्रत्येक बाटलीवर छापलेली तीव्रता स्वतः वाचून व जुन्या बाटलीशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही बालकास औषध देऊ नये.’

साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला, शेवटचा वाचला. “हे शेवटचं वाक्य चांगलंय,” ते म्हणाले. मग त्यांची नजर मध्ये गेली. “तक्ता कशाला एवढा?”

“आरोप मोघम असला तर ताकीद टिकत नाही साहेब. काय सांगितलं ते जसंच्या तसं नोंदवावं लागतं. नियमच आहे.”

“ते खरं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

बाईंनी एक प्रत स्वतःला दिली आणि ‘मिळाली’ म्हणून तिच्यावर तारीख-वेळेसह सही केली. बाकीच्या चारशे बारा प्रतींवर त्यांनी स्वतः पत्ते लिहिले आणि त्या टपालात पडेपर्यंत जावक विभागाच्या दारात उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. ती रडत होती.

“ताई, तुझं नाव आहे गं त्याच्यात. साऱ्या केंद्रांत गेलंय.”

“तक्ता नीट वाचता येतोय का?”

“येतोय. पलीकडच्या त्या बाईंनी बाटल्या ताडून पाहिल्या नि तक्ता कापून भिंतीवर लावलाय. म्हणतात, लेखी आलं बाई एकदाचं. बऱ्याच जणी मात्र अख्खं परिपत्रकच लावतायत, तुझ्या ताकिदीसकट.”

“लावू देत.”

“आणि तू म्हणाली होतीस ती मुलगी? उलट्यांची?”

“परवा घरी सोडली म्हणे,” बाई म्हणाल्या. त्या मोठ्या दवाखान्यात रोज फोन करत होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. एका मुलीचं कळलं. बाटल्या पोचल्यापासून परिपत्रक पोचेपर्यंत बाकी किती जणांच्या पोटात दुप्पट औषध गेलं, ते विचारणारा रकाना खात्याच्या कुठल्याच पत्रकात नव्हता.

महासमितीची पहिली बैठक चार महिन्यांत होणार होती, ती पाचव्यात झाली. सत्तावीस सभासद, भाड्याचं सभागृह, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. सभागृहाचं बिल बाईंच्याच टेबलावरून गेलं. त्या एका दिवसाच्या बिलात चमचा समितीनं पुढची वीस वर्षं चहा बिस्किटांसकट काढली असती. एकतिसावा विषय जेवणाच्या तोंडावर आला आणि अर्ध्या मिनिटात संपला. परिपत्रकातल्या तक्त्याला मान्यता. बैल गेला आणि झोपा केला.

तक्ता बरोबर ठरला, तर तो सांगितल्याबद्दलची ताकीद मागे घ्या, असा अर्ज बाईंनी निवृत्तीच्या महिनाभर आधी केला. नवऱ्यानं घरी तीनदा आठवण करून दिली म्हणून केला, आणि मनातून त्यांनाही ती पुसली जायला हवीच होती. कात्रीसाहेबांनी अर्ज नीट वाचला. तुमचं म्हणणं पटतंय, असंही म्हणाले. पण ताकीद होती मात्रेच्या सल्ल्याबद्दल, तेव्हा ती मागे घ्यायची तर संबंधित सल्लागार समितीचं मत हवं. ती समिती बंद झालेली. महासमितीला विचारलं, तर तिनं कळवलं की कर्मचाऱ्यांचे विषय तिच्या कक्षेत येत नाहीत.

बाई निवृत्त झाल्या त्या ताकिदीसकट. अर्ज अजून तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात आहे, आणि तो कुठल्या समितीपुढे ठेवायचा ते सांगू शकणारं एकच माणूस त्या कक्षात होतं.